तडे गेलेल्या नगांसह

पत्र माझंच. उद्यमनगरातल्या फाउंड्रीच्या
मागच्या खोलीत टाइप केलेलं
जिथे कीबोर्डवर रोज बारीक वाळू बसते
आणि दुपारपर्यंत शिफ्टचं बटण किरकिरायला लागतं.

जर्मनीच्या गिऱ्हाइकाला कळवायचं होतं
की ज्या पेट्यांत तडे गेलेले नग निघाले
तेवढ्या आम्ही परत घेऊ.
मी लिहिलं
वुई विल टेक बॅक द बॉक्सेस,
आणि जरा थांबले
(चहा आला होता की दम लागला होता आठवत नाही)
मग लिहिलं विथ द क्रॅक्ड पीसेस.

थांबले तिथे स्वल्पविराम पडला.
मंगळवार पेठेतल्या शाळेत घोरपडे बाईंनी
असंच तर शिकवलेलं
श्वास घ्याल तिथे स्वल्पविराम.
सगळा वर्ग मोठमोठ्याने श्वास घ्यायचा
आणि वहीभर शेपट्या उमटायच्या.

बाईंनी एक सांगितलं नव्हतं.
विथच्या आधी शेपटी आली
की विथ पेट्यांचा हात सोडतो.
कुठल्या पेट्या हे मग तो सांगत नाही
नुसतं सांगतो सोबत आणखी काय.
पेट्या परत घेऊ. सगळ्या.
आणि हो तडे गेलेले नगही.

गिऱ्हाईक नीट वाचणारं निघालं.
अडीच महिन्यांनी कंटेनर दारात.
पेट्या चारशे बारा.
तडे एकोणीस पेट्यांत.

मालक बाबगोंडा मगदूम. चष्मा कपाळावर.
पत्राची प्रत उजेडाला धरून म्हणाले
"ह्यो ठिपका व्हय?
मला वाटलं माशी बसलीया."
पगारातून कापलं नाही. धड रागावलेही नाहीत.
फक्त त्या दिवसापासून प्रत्येक पत्र
मला मोठ्याने वाचायला लावतात
आणि मी श्वास घेतला की बोट वर करतात.

मराठीत हे झालं नसतं असं मी घरी म्हणाले.
आपल्याकडे असले शब्द पुढे मिरवत नाहीत
मागून येतात आणि चिकटून बसतात.
नगांसह. पेटीत. तड्यामुळे. कळंब्यापर्यंत.
मध्ये नखसुद्धा शिरत नाही.
भाऊ जेवता जेवता म्हणाला
मग तडे गेलेल्या नगांसह पेट्या परत घेऊ
यात तरी कुठल्या पेट्या ते कुठं कळतंय?
मी भाकरी मोडत राहिले.
बराच वेळ.

समुद्राच्या हवेनं चांगल्या नगांनाही गंज धरला होता.
सगळेच भट्टीत गेले.
तड्यांसह आणि तड्यांशिवाय
एकाच लाल रंगाचे झाले.

बाबालाल शिकलगार ओतकामाला आहेत तीस वर्षं.
मी दाराशी उभी दिसले तसे बोलले
"पोरी वततानं थांबायचं न्हाई.
हात जरा अडला की म्होरलं लोखंड गार हुतंय
मागनं येणारं त्येला धरत न्हाई.
वरनं काय दिसत न्हाई. आत सांधा ऱ्हातो.
त्योच म्होरं तडा."
मग तुम्ही दम कधी घेता म्हणून विचारलं
तर म्हणाले साचा भरल्यावर.

आज पोलंडचं पत्र आहे.
तुमच्या तक्रारीचे नमुने पाठवले आहेत
पुण्याच्या प्रयोगशाळेतून.
नमुने पुण्याचे की पाठवणं पुण्याहून?
फ्रॉमच्या अलीकडे कर्सर लुकलुकतोय.
माझं बोट त्या बटणावर. बोटाखाली वाळू.
बाहेर बाबालालचाचांनी पळी उचललीय
आणि दारात मगदूम
बोट अर्धं वर