सातास सहा

सदर बाजारातल्या बँकेत
शफाअत बेग साहेब नोटा मोजायचे
तेव्हा बोटाला थुंकी लावत नसत.
बशीत ओला स्पंज, शेजारी घडीचा रुमाल,
आणि पाठ अशी ताठ
की खुर्ची उगीच मागं उभी असल्यासारखी.

निजामाच्या फौजेत कॅप्टन होते, एवढं जालन्यात सगळ्यांना ठाऊक.
त्या सप्टेंबरात कुंडलिकेच्या अलीकडं
उशीचा अभ्रा काठीला बांधून उभे राहिले,
रायफली मोजून दिल्या, पावती घेतली.
एकशे बारा.
वहीत होत्या एकशे तेरा.

पुढं हाली सिक्का बंद व्हायला लागला.
माणसं गाडग्यातून, पदराच्या गाठीतून रुपये आणायची.
सात हालीचे सहा कलदार,
साहेब दिवसातून शंभरदा समजावत
मोडक्या मराठीत; क्रियापद चुके, आकडा कधीच नाही.
"मंग आमचा सातवा कुठं गेला?" एक म्हातारा भांडायला उठला.
"माझापण तिकडेच गेला, बाबा."
आम्ही कारकून हसलो.
ते हसले नाहीत.

मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं.
माझ्या मामाला रझाकारांनी नेलं, ते परत आणलं नाही.
साहेबांचा त्यात हात नव्हता
असं साहेब कधी म्हणाले नाहीत.
मीही विचारलं नाही,
पगाराच्या दिवशी तर नाहीच.

परतूरकडची सारजाबाई
त्यांच्या हातून पैसे घेत नसे.
"फळीवर ठिवा," म्हणायची, दुसरीकडं बघत.
ते खुर्चीतून उठत,
नोटा फळीवर ठेवत, दोन पावलं मागं सरत.
खजिनदार होते तेव्हाही,
मॅनेजर झाल्यावर मुद्दाम केबिनमधून बाहेर येऊनही.
तिनं शेवटपर्यंत हात पुढं केला नाही.

दस्तखत उजवीकडून डावीकडं,
आकडे डावीकडून उजवीकडं;
रोजकीर्दीत दोन्ही जिथं भेटत
तिथं शाईचा ठिपका पडलेला असे.
मी टिपकागद धरायचो.

निवृत्तीच्या दिवशी रोकड जुळली, नेहमीसारखी.
किल्ल्या मोजून दिल्या,
माझ्याकडं पावती मागितली.
मी लिहून दिली.
दारात थांबून, रस्त्याकडं तोंड करून म्हणाले,
"एक पोरगा होता, भोकरदनचा. सतरा वर्षांचा.
मीच म्हटलं त्याला, रायफल विहिरीत टाक आणि पळ."
मग छत्री उघडली.
आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.