शेवटच्या खुर्चीवरचा पोरगा

मला विचाराल तर आमचा सीझन ऑक्टोबरमध्येच गेला.
पहिल्याच मॅचच्या तिसऱ्या मिनिटाला
सहा फूट दहा इंचांचा आमचा डॅरियस
बास्केटखालची जागा सोडून
लाइनीबाहेर आला, तिथून शॉट मारला,
आणि तो आत गेला.
गेला नसता तर बरं झालं असतं.
नंतर जानेवारीपर्यंत तो तिथूनच मारत राहिला.

मी नागपूरची. सिमेंटच्या कोर्टावर
मे महिन्यात तळवे भाजत खेळलेली पोट्टी.
घोरपडे सर म्हणायचे, उंच माणसाचं घर बास्केटखाली,
बाहेर हिंडायला आपण बुटके आहोतच.
मुहर्रकच्या या हॉलमध्ये मी स्वेटर घालून बसते,
बाहेर पडलं की चष्म्यावर पाणी चढतं,
आणि माझ्याकडे आकडे असतात.
लॅबच्या रद्द फॉर्मच्या पाठीमागे
दंडुके मारून ठेवलेले:
फ्री थ्रो एकशे बारा, पडले एकोणसाठ.
समोर कुणी आडवा नाही, हात वर केलेला नाही,
सारा हॉल गप्प, आणि तरी एकोणसाठ!
याला नशीब म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही.
फॉर्म पुढे करते.

शेजारी बू-नासर. अॅल्युमिनियमच्या भट्टीवर तीस वर्षं काढलेले,
आता रिटायर, खिशात सूर्यफुलाच्या बिया.
ते ओरडतात, "दिफा! दिफा!"
मी ओरडते, "काहून सोडतो बे त्याले!"
आम्ही एकच गोष्ट सांगत असतो,
ऐकत दोघांचंही कुणी नाही.

कोच तीन झाले. सर्बियाचा डिसेंबरात गेला,
मग त्याचाच मदतनीस, मग ट्युनिशियाहून आलेले एक गृहस्थ
जे टाइमआउटमध्ये फळ्यावर इतके बाण काढत
की पोरं फळ्याकडे बघून दमत.
माझ्या मते पहिलाच बरा होता.
हे मी तेव्हा म्हटलं नव्हतं.

डॅरियसला काढलं त्याच्या आदल्या रात्री
तो आमच्या गल्लीतल्या कोल्ड स्टोअरमध्ये दिसला,
ट्यूबलाइटखाली मान वाकवून अंडी मोजत.
सांगणार होते, अरे बाबा, आत राहा, आत.
म्हटलं, "गुड लक."
इथे सगळ्यांचाच कागद मुदतीचा,
त्याच्या कागदाला मुदतही नव्हती.

रमजानात मॅच रात्री दहाला.
लिझम्माशी ड्युटी बदलून मी जायची, चार मॅच हरलेल्या बघायची,
आणि चारही वेळा घरी येताना ठरवायची
की आता पुरे.

पण एक मत मी सीझनभर धरून होते:
शेवटच्या खुर्चीवरचा ईसा.
एकोणीस वर्षांचा, वॉर्मअपमध्ये हात असा सुटायचा
की बघत राहावं.
ऑक्टोबरपासून बू-नासरना सांगत होते, त्याला उतरवा,
जणू उतरवणं बू-नासरांच्या हातात होतं.

शेवटच्या मॅचला, सातवा नंबर पक्का झाल्यावर,
चार मिनिटं उरली असताना उतरवला.
पहिला पास थेट समोरच्या टीमच्या हातात.
मग एक शॉट, रिंगला न शिवता, जाळीलाही नाही.
मग बॉल पायावर आदळून बाहेर.
बू-नासर माझ्याकडे बघत होते.
मी बुटाची नाडी बांधत होते,
माझ्या बुटाला नाडी नाही.

फॉर्मवर लिहिलं: चार मिनिटं, शून्य, दोन चुका.
खोटं लिहायची सवय मला नाही.
बू-नासरांनी बिया पुढे केल्या, हिंदीत म्हणाले,
"अगले साल." माझं रिन्युअल ऑगस्टात आहे,
बोलले नाही.

तरी माझं मत तेच आहे.
चार मिनिटांत काय कळतं, बाप्पा?
लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात
एका पेशंटच्या तीन नळ्या मी फरशीवर पाडल्या होत्या,
आणि त्याला परत बोलावून
दुसऱ्या हातातून रक्त घ्यायला
मलाच पाठवलं होतं.