एक दाता

पंचेचाळीसपर्यंत गाडी सभ्य.
पन्नासला आरसा पाणावतो,
मागचा एक ट्रक त्यात दोन होतो.
पंचावन्नला बुडाखालून
ढोलकीच्या शाईवर कोणी बोट घासावं तसं,
मग गिअरचा दांडा थरथरतो, मग माझी कवळी,
आणि साठला सगळं निवतं,
जणू काही झालंच नव्हतं.

कामठीच्या लिलावातली जीप.
तिचं जुनं इंजिन मनसरच्या चढावर धूर ओकत बसलं,
तेव्हा कळमन्याच्या भंगारातून
उलटलेल्या पिकअपचं उचललं.
पिकअप पापडासारखी चपटी,
इंजिनाला ओरखडा नाही.
कमर उस्तादनं मानकापूरच्या शेडमध्ये ते बसवलं,
मे महिन्यात,
पाने कूलरसमोर ठेवून निववावे लागत.
गिअरबॉक्स दोन इंच मागे सरकला,
म्हणून मागचा शाफ्ट दोन इंच आखूड केला.
"घेऊन जा भाऊ, मक्खन आहे मक्खन."

उमरेड रोडला लागेपर्यंत होतंही.
शहरात पंचेचाळीसच्या वर जातं कोण?

मग सल्ले.
शेजारचे वैरागडे सर, ज्यांच्याकडे स्कूटर आहे,
म्हणाले, मेलेल्या गाडीचं काळीज घालू नये.
मेहुणा म्हणाला टायर. टायर फिरवले.
पंपावरचा पोट्टा म्हणाला,
"काका, साठनंच चालवा नं."

उस्तादकडे चारदा गेलो.
पहिल्यांदा चहा.
दुसऱ्यांदा नवे क्रॉस.
तिसऱ्यांदा पाट्यांखाली तीन अंशांची पाचर:
मागच्या धुऱ्याचं नाक जरा वर,
गिअरबॉक्सच्या तोंडाला समांतर,
मधला शाफ्ट तिरपा असला तरी चालतो म्हणे.
थरथर निम्मी झाली. गेली नाही.
चौथ्यांदा मी त्याच्या पोरांसमोर बोललो.
काय बोललो ते इथे लिहीत नाही.
त्यानं हात पुसले,
काळ्या फडक्याची घडी घातली
(त्या फडक्याची घडी घालतं का कोणी?)
आणि म्हणाला, "दुर्वासला दाखवा."

दुर्वास ठवरे हिंगण्याला लेथ चालवतो.
इंजिनाकडे त्यानं पाहिलंच नाही.
पोत्यावर उताणा, बॅटरी तोंडात,
शाफ्टवर तळहात ठेवला, ताप पाहावा तसा.
मग बॅटरी काढून:
"हा तं मीच कापला होता.
बाण मारले होते दोन्हीकडं, पिवळे, समोरासमोर.
बाण कुठी गेले?"

बाण.

गाडी आणली त्याच रविवारी,
कोणालाही न सांगता, हौसेनं,
ग्रीस भरायला मी शाफ्ट उतरवला होता.
सरकता जोड खेचून काढला,
डिझेलनं धुतला, लुगड्याच्या चिंधीनं पुसला,
लग्नातल्या भांड्यासारखा लख्ख.
पिवळं काहीतरी होतं. तेही गेलं.
मग बसवला. सहज बसला.
सोळा दाते, सोळा तऱ्हांनी बसतो तो,
बरोबर त्यातल्या दोनच.
उस्तादनं क्रॉस बदलले, पण हा जोड उघडला नाही.
आपल्या हातानं लावलेल्यावर
कोण संशय घेतो?

दुर्वासनं खेचलं, जरासं फिरवलं, ढकललं.
"एक दाता," तो म्हणाला.
मग पंच घेऊन दोन ठिपके ठोकले, समोरासमोर.
"हे धुऊन नाही जात."

पन्नास. पंचावन्न. आरशात एकच ट्रक.
साठवर गेलो, ब्रेक मारला,
पुन्हा पंचावन्नवर आलो, पुन्हा वर, पुन्हा खाली.
मागचा ट्रकवाला शिव्या देत निघून गेला.

घरी न जाता मानकापूरला वळलो.
उस्ताद एका गाडीखाली, नुसते पाय बाहेर,
एका टाचेला भेग.
कूलर घरघरत होता, पोरं बघत होती.
मी त्या पायांना म्हणालो,
"उस्ताद, बाण मी पुसला."

थोडा वेळ खालून नट घासल्याचा आवाज.
मग एक हात बाहेर आला, पालथा, मग उताणा.
"बारा-तेरा द्या."

मी शोधून दिला.