स्कूटर धुण्याचे पाच रुपये

पप्पा नोटांच्या छापखान्यात होते.
जेलरोडला आमच्या गल्लीतले निम्मे बाप तिथलेच;
भोंगा झाला की सायकलींचा लोंढा वळायचा
आणि कुणाच्याच बोटाला शाई नसायची.
दिवसभर तावांवरच्या चुका शोधायचे पप्पा.
नोटा नव्हेत, ते 'माल' म्हणायचे.
एखादी रेघ फिकट, एखादा आकडा कललेला,
की लाल खूण. ताव बाद.

रविवारी त्यांच्या पाकिटातून पैसे निघायचे.
हर्षलने स्कूटर धुतली, पाच.
गिरणीतून दळण आणलं, एक.
गॅसचा नंबर लावून आला, दोन.
"कष्टाची किंमत कळायला हवी पोराला,"
ते ओट्यावर आहेरकाकांना सांगत,
तेव्हा मी मोरीत
कुकरच्या तळाचा भात नखाने खरवडत असे.
मला बहुधा कळलेली असावी, आधीच.

एकदा हर्षलची मॅच होती, गोल्फ क्लबच्या मैदानावर.
म्हणाला, शलाके, तू धू ना, रुपया देतो.
मी धुतली.
चाकांच्या खोबणी जुन्या टूथब्रशने,
हँडलच्या रबरातला मळ काडीने,
नंबरप्लेटला चिमूटभर राख
(भांड्यांची सवय, दुसरं काय).
पप्पा फिरून फिरून बघत राहिले.
"आरसा केलास रे गाडीचा!"
आणि पाचावर एक रुपया जास्त दिला, बक्षीस.
तोच रुपया माझ्या हातावर आला.
हर्षलचे पाच, पाचच राहिले.

रात्री जेवताना मी विचारलं,
"पप्पा, भांड्यांचा दर काय?"
हसले. "वेडे, ते घरचं काम."
"मग स्कूटर काय आहेरकाकांची आहे?"

हर्षल मेथीतला लसूण शोधू लागला.
पप्पा घटाघटा पाणी प्यायले,
मग म्हणाले, "तुला दिले, तर उद्या तुझी आई मागेल.
तिला किती द्यायचे?"

विनोदच होता तो.
पण आईने तव्यावरची भाकरी उलटली नाही,
करपल्याचा वास सुटला तरी.
"या महिन्याचे सांगू," ती म्हणाली,
"की लग्नापासूनचे?"

त्या रविवारपासून पैसे बंद. कुणालाच नाहीत.
पप्पांना वाटलं, झाला न्याय.
हर्षलने स्कूटर सोडली.
सीटवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहिलं, 'धुवा'.
अक्षर आईचं होतं.
मोरी मात्र मला सुटली नाही.
खरकट्याला संप कळत नाही.

मग ती थंडी आली,
द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागल्या ती.
नळाचं पाणी हाताला चावायचं.
एका रात्री पप्पा मोरीत आले, स्वेटरच्या बाह्या वर सारून.
काही बोलले नाहीत. एक पातेलं घासलं
आणि दिव्यासमोर धरलं, तिरकं,
ताव धरत असतील तसं.
"इथे राहिलंय," मी म्हटलं.
त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. राहिलं होतं.
पुन्हा घासलं.

नंतर हर्षलला हाक मारली.
तो रजईत झोपेचं सोंग घेऊन पडलेला.
"जाऊ दे," पप्पा म्हणाले, "मीच करतो."
"नाही," मी म्हटलं,
"परत हाक मारा."