खर्चाचा रकाना

कुताइसीत, रिओनीच्या पुलापलीकडे आमची भट्टी.
दुकानाला पाटी नाही.
तेमूर म्हणायचा, वासाला कसली पाटी?
मग समोर काचेच्या दारांचं सुपरमार्केट उघडलं.
तिथला पाव प्लास्टिकच्या पिशवीत घामेजून पडलेला,
पण दहा तेत्रींनी स्वस्त.

मार्चमध्ये माझ्या या भावानं
फोनमधल्या निळ्या बटणावर बोट ठेवलं.
दीडशे लारी. मी वहीत लिहिलं: जाहिरात.
त्या यंत्रानं विचारलं, कुणाला दाखवू?
वय अठरा ते पासष्ट. वीस किलोमीटर.
आवड: खाणं.
मी म्हटलं, नावड असलेला एक तरी आणून दाखव.

माणसं आली, खोटं का बोलू.
तीन दिवस पीठ पुरलं नाही.
हातात नकाशा धरून यायची,
फोटोतल्या पावाशी हातातला पाव जुळवून बघायची
आणि भट्टीकडे न बघता निघून जायची.
चौथ्या दिवशी पैसे संपले.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात,
आमच्या वाट्याला तेवढेही आले नाहीत.
पैसे देऊन पिटलेली दवंडी
ढोलवाला घरी गेला की
कुणाला आठवत नाही.

एप्रिलमध्ये एलेनेनं, तेमूरच्या धाकटीनं,
कुणाला न विचारता एक चित्रफीत टाकली.
ओतारमामा पाव चिकटवायला भट्टीत वाकतो,
कमरेपर्यंत आत, पाय जमिनीवरून सुटलेले.
वाटतं, गिळला भट्टीनं.
मग वर येतो, भुवया जळून गेलेला चेहरा लाल,
आणि म्हणतो,
'अजून चालू आहे का ते? बंद कर, बॅटरी जाईल.'
बास. एवढंच. एकोणीस सेकंद.

आठवडाभर चिडीचूप.
मग बारीमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या
आमच्याकडच्या एका बाईनं लिहिलं:
माझ्या वडिलांनाही भुवया नव्हत्या.
तिनं इथल्या बहिणीला कळवलं,
जा, माझ्या वाटचा एक खाऊन ये.
बहीण आली. उभ्यानंच खाल्ला.
घास घशात अडकला तसा फोन वर धरला,
म्हणाली, हे बघ, गरम आहे.
त्यानंतर दुसऱ्यांच्या वाटचे खायला
कोण कोण येत गेलं,
ते मी वहीत कुठं लिहू?

तेमूर खूश. बघितलंस, म्हणाला, फुकटात झालं.

फुकटात.
पहाटे चारला भट्टीपाशी तिपाई लावून
उभी राहणारी पोर मी बघितली आहे.
रात्री दीडला कुणा परक्याला
'नाही हो, रविवारी बंद असतं' लिहिणारी,
वाईट बोललेल्यालाही गोड उत्तर देणारी,
रसायनशास्त्रात नापास झालेली.
सोळा वर्षांची आहे.
हल्ली पाव भट्टीतून निघाला
की आधी उजेड कुठून येतो ते बघते,
खायचं विसरते.

आणि जाहिरातीला नावं ठेवावीत
तर दर गुरुवारी गोचा येतो.
ट्रक चालवतो, फार बोलत नाही.
अकरा पाव, वर्तमानपत्रात गुंडाळून.
त्या दीडशे लारींतून उरलेला तो एकटाच.
ओतारमामाची चित्रफीत त्यानं पाहिलेलीच नाही.
एकदा मी दाखवायला गेले
तर म्हणाला, भट्टी इथंच आहे ना?

काल तेमूरला नवी कल्पना सुचली:
मामाच्या चित्रफितीवरच पैसे लावू.
मामा परात घासत होता.
'म्हणजे माझे पाय,' म्हणाला,
'आता भाड्यानं उचलायचे?'

मी मात्र रात्री वही उघडली.
जाहिरातीच्या खाली, खर्चाच्या रकान्यात
लिहिलं: एलेनेची झोप.
तेमूरनं खांद्यावरून वाकून पाहिलं, विचारलं,
पुढं आकडा?
पेन हातात तसंच राहिलं.
आतून मामा ओरडला,
पीठ फुगून वर आलंय,
कुणीतरी या.