रुमालाखाली

मिरजेच्या दवाखान्यातून पेटी आणली घरी:
पांढरी, चपटी, जेवणाच्या डब्याएवढी.
सेकंदाला चाळीस वेळा लुकलुकते
आणि तेवढ्याच वेळा गुणगुणते.
रोज एक तास, डोळे उघडे ठेवून.
सुई नाही, गोळी नाही.
"नुसतं बसायचं, काका," शगुफ्ता म्हणाली
आणि फॉर्मवर सही माझी घेतली.
आप्पांची सही आता
पायगोंडातल्या प च्या पोटातच अडकते.

निम्म्या पेट्या खऱ्या, निम्म्या खोट्या.
खोटीही लुकलुकते, भलत्याच वेगाने.
आपल्या वाट्याला कुठली आली
ते तिला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही.
वर्षाने पाकीट फोडतील.

मला हसू आलं.
उभा जन्म या माणसाने
सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीचे भाव रुमालाखाली ठरवले.
बोटाला बोट, पेराला पेर,
आणि वर चेहरा असा
की पाहुण्याला बसची वेळ विचारतोय.
राजापुरी कुठली, सेलम कुठली,
कांडी मोडून नुसत्या वासावर सांगायचे.

आता मला विचारतात,
"तुम्ही कुठल्या गावच्या?"
कवठेपिरानची, मी म्हणते.
"मग आमच्या त्रिशलेला ओळखत असाल.
तिथंच दिलीया."
ओळखते की. बरी आहे ती.

अठ्ठावन्नावा दिवस.
लांबून गुऱ्हाळाचं इंजिन ऐकू यावं
तशी पेटी घुमते.
भिंतीवर आमच्या सावल्या थरथरतात.
शगुफ्ताचा फोन: काही फरक?
आज उतू जाणारं दूध स्वतः उतरवलं, मी सांगते.
काल चप्पल फ्रीजमध्ये होती, तेही सांगते.
ती दोन्ही लिहून घेते.

मग त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून
मी दोघांच्या हातांवर टाकला.
का, ते सांगता येणार नाही.

बराच वेळ काही नाही.
मग बोटं उठली.
करंगळी सोडून तीन,
मग तर्जनीचं मधलं पेर, दाबून, दोनदा.
ही भाषा मला कुणी शिकवली नव्हती,
पोरीला काय करायचाय भाव.
मी अंदाजाने एक बोट धरलं.
त्यांनी मान हलवली: कमी, फार कमी.
दोन धरली.
पुन्हा मान.

पेटीने शीळ दिली, दिवा विझला.
मी हात काढायला गेले
तर मनगट घट्ट.
"थांबा की बाई," आप्पा म्हणाले,
"माल अजून बघितलाय कुठं तुम्ही?"