जांभळी कड

घणसोली, सेक्टर नऊ. गच्चीवर टाकीच्या आडोशाला
आम्ही चौघं, तीन दुर्बिणी
आणि सेक्रेटरीची साडेदहापर्यंतची परवानगी.

टिपणिसांची नवी, तीन भिंगांची;
किंमत त्यांनी घरी निम्मीच सांगितलीय.
माझी ऐंशी मिलिमीटरची, तिवईचा एक पाय लुळा,
म्हणून खाली पाण्याचा कॅन लटकवलेला.
आणि हर्षाली मोकलची :
पीव्हीसीचा पुरुषभर पाइप, आतून काळा रंगवलेला,
तोंडाशी वडिलांनी कुठूनसं मिळवलेलं भिंग,
काठाला टवका.

खाडीकडून ओल आली, काचा धुरकटल्या.
वहिनीचा हेअर ड्रायर वर आला, लांब वायरीसकट.

शनी म्हटल्यावर वॉचमन चप्पल काढूनच पुढे झाला.
कडी यंदा सुईएवढी.
"एवढासाच?" म्हणाला,
आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

मग व्याध, कारखान्यांच्या दिव्यांवर चढलेला.
टिपणिसांच्यात धुतल्या तांदळासारखा.
हर्षालीच्यात त्याला जांभळी कड.
"रंगदोष," टिपणीस म्हणाले, "फिल्टर लाव, जाईल."
"हो," ती म्हणाली. गेली दोन वर्षं
ती हेच म्हणतेय.

पाइपातून सरकणाऱ्या नळीवर
पेन्सिलीची एक रेघ आहे,
वडिलांच्या डोळ्याला जुळणारी.
तिचा डोळा जुळतो त्याच्या अर्धं बोट पुढे.

ती आधी रेघेवरच थांबते.
सगळं धूसर.
थोडा वेळ तसंच बघते,
मग फिरवते.